लेण्याद्री: गणपतीच्या देवळातल्या त्या खोल्या कोणाच्या?

पायवाट

मागच्या आठवड्यात आईला अष्टविनायक घडवले. लेण्याद्रीला पावणेतीनशेच्या वर पायऱ्या, आईचे गुडघे दुखरे. तरी डोली नको म्हणाली, बसत-उठत चढली. बरोबर सात वर्षांचा भाचा होता. दर्शन झाल्यावर तो सभामंडपात भिंतीकडेने फिरत दारं मोजू लागला. सात इकडे, सात तिकडे, सहा समोर. मग मोठ्यांदा विचारतो, "मावशी, गणपतीबाप्पाकडे एवढे पाहुणे येतात का राहायला?"

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "पूर्वी यात्रेकरू उतरायचे बाळा." मला राहवलं नाही. त्याला सांगितलं, की हा बौद्ध भिक्षूंचा विहार होता, या त्यांच्या खोल्या, पावसाळ्याचे महिने ते इथे काढत. समोरच्या मधल्या दोन खोल्या एक करून त्यात गाभारा केलाय. आईनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. खाली येईपर्यंत बोलली नाही. गाडीत म्हणाली, "एवढं चढून गेले ते देवासाठी. तिथेच उभं राहून हे देऊळ नव्हतं असं सांगायची काय गरज होती?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. एका धर्माचा मठ दुसऱ्याचं देवस्थान होतो तेव्हा नेमकं काय होत असेल? आणि तुम्ही अशा ठिकाणी घरच्यांना घेऊन जाता तेव्हा काय सांगता? मला अजूनही वाटतं, की दोन्ही गोष्टी तिथेच, दर्शनाच्या जागीच सांगितल्या पाहिजेत. पण आईला दुखावलं याचं वाईट वाटतंय.

कुकडीकाठ

मी जुन्नरचा. आमच्याकडे याला गणेश लेणी म्हणतात आणि त्यात भिक्षूंच्या खोल्या आहेत हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, निदान आमच्या वेळी असायचं. वाईट याचं वाटतं, की शंभरातले नव्वद लोक सातव्या, म्हणजे गणपतीच्या लेण्यात दर्शन घेतात आणि तसेच उतरतात. अगदी खेटून सहावं लेणं आहे, चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं स्तूप असलेलं प्रार्थनागृह. आत खांबांच्या दोन रांगा, खांबांवर हत्ती-सिंह, टोकाला स्तूप. कल्याणच्या सुलसदत नावाच्या माणसानं ते दान दिल्याचा लेख तिथेच कोरलेला आहे. कल्याणचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, त्या वाटेवरचा पैसा इथल्या कातळात उतरला. दहा पावलं बाजूला गेलं की हे सगळं दिसतं.

तुमच्या भाच्याला माझ्याकडून शाबासकी. त्यानं मोजणी बरोबर केली.

रानवाटा

वानरांनी प्रसाद पळवला नाही ना? आमच्या हातातला नारळ गेला होता.

पायवाट

@रानवाटा, भाच्याचं केळं गेलं. त्यालाच जास्त आनंद झाला.

@कुकडीकाठ, सहावं राहिलंच हो. आई थकली होती, आणि त्या बोलण्यानंतर थांबायचा धीरही झाला नाही.

दर्यावर्दी

आम्ही कोळी. एकवीरा आमची कुलदैवता. चैत्रात पालखीला कार्ल्याला गेलो नाही असं वर्ष आठवत नाही. देवळाला खेटून ते प्रचंड चैत्यगृह आहे, बाहेर सिंहस्तंभ. लहानपणी मला वाटायचं की ते आईचंच अंगण आहे. आजी सांगायची, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं.

मोठेपणी लेखांचं भाषांतर वाचलं. वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठनं हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. एवढा अभिमानानं लिहिणारा माणूस कोण असेल असं वाटून गेलं. तेव्हापासून देवीचं दर्शन झालं की चैत्यगृहातही दोन मिनिटं गप्प बसतो. छताच्या लाकडी कमानी बघतो. दोन हजार वर्षांचं लाकूड! आमच्या होडीच्या वाशांसारखंच वाकवलेलं. माझ्या श्रद्धेला कुठे धक्का लागला नाही. तुमच्या आईंनाही नाही लागणार, फक्त सांगायची वेळ चुकली.

त्रिरश्मी

वेळ चुकली? माफ करा, पण मला हे पटत नाही.

मी नाशिकचा. माझे आजोबा १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दर बुद्धपौर्णिमेला आम्हाला डोंगरावर न्यायचे. रिक्षावाल्याला "पांडवलेणी" म्हटल्याशिवाय कळत नाही. डोंगराचं नाव लेण्यातच कोरलेलं आहे, तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिनं लेणं क्रमांक ३ भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिलं, तेही कोरलेलं आहे. ही लेणी पांडवांची असं तिथल्या एकाही लेखात नाही. तरी बुद्धाच्या मोठ्या मूर्तींना लोक कोणी धर्मराज म्हणाले, कोणी भीम म्हणाले, आणि तेच नाव टिकलं.

दुसऱ्याची ओळख पुसली जाते तेव्हा कोणी वेळ बघत नाही. मग खरं सांगायलाच वेळ का बघायची? पायवाट यांनी मुलाला खरं उत्तर दिलं. सात वर्षांच्या पोरानं प्रश्न विचारला आणि त्याला खोटं उत्तर मिळालं नाही, यापेक्षा चांगलं त्या ठिकाणी काय घडायचं?

दर्यावर्दी

@त्रिरश्मी, तुमचं बरोबर आहे. "वेळ चुकली" मी आईंच्या बाजूनं म्हणालो, पोराच्या बाजूनं नाही. त्याला खरंच सांगायला हवं होतं.

ब्राह्मीवाचक

जरा लांब लिहितोय.

पहिल्या प्रश्नाबद्दल, नेमकं काय होत असेल याबद्दल. आपण आजच्या धर्मांच्या भिंती तेव्हाही तशाच होत्या असं धरून चालतो. त्रिरश्मीच्याच दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो भिक्षुसंघाला लेणं देतो आणि ३००० कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवतो. २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेकडे, महिना शेकडा एक दरानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दरानं. व्याजातून भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, आणि किरकोळ खर्च. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात तो अभिमानानं सांगतो, की आपण तीन लाख गायी दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर एक लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. एकाच माणसाची ही दोन्ही दानं एकाच लेण्यात कोरलेली आहेत. गौतमी बलश्री बौद्ध भिक्षूंना लेणं देते आणि त्याच लेखात आपल्या मुलाला "एकबम्हण", म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणते. यात विसंगती आहे असं त्या माणसांना वाटलेलं दिसत नाही.

आता ठेवीकडे परत. विहार चालायचा तो अशा पैशावर. व्यापारी, श्रेणी, गावांचं उत्पन्न, घाटवाटेवरची वर्दळ. जुन्नरच्याच एका लेण्यात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं "सतगभ", म्हणजे सात खोल्यांचं लेणं आणि "पोढी", म्हणजे पाण्याचं टाकं, दिल्याचं लिहिलंय. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, संघाला भोजनमंडप दिलाय. ही माणसं, हा व्यापार, ही वाट आटली की खोल्यांत भिक्षू कशावर राहणार? डोंगर राहतो, टाकं राहतं, सावली राहते. पुढे कधीतरी गुराखी येतो, जोगी येतो, मग देव येतो.

त्रिरश्मी, यातून तुमचं दुःख कमी होत नाही, हे मला कळतं. लेणं रिकामं पडणं वेगळं आणि त्याचं नाव पुसणं वेगळं.

सुतारपक्षी

वा! हा प्रतिसाद जपून ठेवला.

वेरूळचं १० नंबरचं लेणं आठवलं. आमच्या घराण्यात त्याला "सुताराची झोपडी" म्हणतात. चैत्यगृहच आहे ते. स्तूपापुढे बुद्ध बसलेला आहे, पाय खाली सोडून. छताला दगडात कोरलेल्या फासळ्या, हुबेहूब लाकडाच्या. सुतार मंडळी त्या बुद्धालाच विश्वकर्मा मानून पूजत आली. आजोबा सांगायचे, की ज्यानं दगडाचं लाकूड केलं तो आपला देव. मूर्ती कोणाची हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मला हे चुकीचं वाटत नाही. कारागिरानं कारागिरीला केलेला नमस्कार आहे तो. पण आता मी मुलीला दोन्ही नावं सांगतो.

धाराशिवकर

बौद्ध आणि हिंदू एवढंच चाललंय, जैन राहिले.

आमच्या धाराशिवची लेणी शहरापासून जवळच आहेत. मोठ्या लेण्याचा आराखडा बघा: मधे मंडप, कडेनं खोल्या, मागे गाभारा. थेट विहार. बरेच अभ्यासक ती मुळात बौद्ध मानतात. आत मात्र पार्श्वनाथ आहेत. कनकामर मुनींच्या "करकंडचरिउ" या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात करकंड राजा इथे येतो आणि त्याला पार्श्वनाथांची मूर्ती सापडते अशी कथा आहे. म्हणजे त्या काळीही ही जागा जुनी, कोणीतरी सोडून गेलेली, अशीच वाटत असणार. नवीन लोकांनी तिच्याभोवती आपली कथा गुंफली.

जुन्नरलाही मानमोडीच्या डोंगरात अंबा-अंबिका गट आहे ना? तिथली अंबिका जैन आहे.

कुकडीकाठ

@धाराशिवकर, हो. अर्धवट सोडलेल्या चैत्यगृहाजवळ जैन मूर्ती आहेत आणि गावकरी अंबिका म्हणून हळदकुंकू वाहतात. म्हणजे बौद्ध कातळ, जैन मूर्ती, पूजा आमच्या आयाबायांची. त्याच डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा, "वर्ष ४६" अशी नोंद असलेला लेख आहे. त्यानंही पोढी आणि मंडप दिलाय. ब्राह्मीवाचकांनी सांगितलेल्या दानातही पोढी आहेच, दान देताना पाणी आधी आठवायचं.

आणि तुळजा लेणी! तिथलं चैत्यगृह गोल आहे, बारा खांबांचं, मधे स्तूप. असं दुसरं मी पाहिलेलं नाही. शेजारच्या खोलीत तुळजाभवानी. नवरात्रात तिथे गर्दी असते, एरवी तुम्ही आणि वारा.

अनामिका७७

मंडपेश्वरचं कोणी लिहिलं नाही. बोरिवलीच्या त्या लेण्यात तर पोर्तुगीजांनी चर्च केलं होतं. भिंतीत क्रूस कोरलेला आहे.

ब्राह्मीवाचक

@अनामिका७७, मंडपेश्वर मुळात शैव आहे, बौद्ध नाही. पण तुमचा मुद्दा धाग्याला धरूनच आहे. शिवमूर्ती असलेलं लेणं, मग पोर्तुगीज काळात चर्च, मग मराठ्यांनी १७३९ साली वसई घेतल्यावर पुन्हा पालट. आज तिथे शिवपूजा होते आणि तो क्रूसही जागेवर आहे.

दापोलीची_लेक

मला आमच्या पन्हाळेकाजीबद्दल लिहायचंय, कारण तिथे कोणीच जात नाही.

दापोलीहून आत, कोटजाई नदीच्या काठी एकोणतीस लेणी आहेत. १९७० च्या दशकात त्यांचा नीट अभ्यास झाला. सुरुवात साध्या बौद्ध विहारांनी. पुढे वज्रयान, म्हणजे बौद्धांचाच तांत्रिक पंथ आला, त्याच्या अक्षोभ्य आणि महाचंडरोषण या देवतांच्या मूर्ती मिळाल्या. मग शिलाहार राजांच्या काळात शिव आणि गणपती. शेवटी नाथपंथ. शेवटचं लेणं, त्याला गौर लेणं म्हणतात, तिथे चौऱ्याऐंशी सिद्ध कोरलेत, ओळीनं, लहान लहान. सगळं एकाच ओढ्याकाठच्या दगडात. चालत गेलं की तासाभरात हजार वर्षं पायाखालून जातात.

बाबा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा नदीला पाणी होतं आणि लेण्यांत वटवाघळं. तेव्हा ते म्हणाले होते, "इथे कोणी कोणाला हाकललं असं दिसत नाही. एक उठला, दुसरा बसला." मी तेव्हा बारा वर्षांची होते, मला ते फार आवडलं. आता मोठी झाल्यावर वाटतं, की उठणारा का उठला हे बाबांना तरी कुठे माहीत होतं? पण नाथांनी जुन्या मूर्ती बाहेर फेकल्या नाहीत, हेही खरं. माझ्यासाठी ती दोन्ही वाक्यं एकत्र राहतात.

त्रिरश्मी

@दापोलीची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "उठणारा का उठला" हा प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणून मला या धाग्यावर परत यावंसं वाटलं.

@ब्राह्मीवाचक, लेणं रिकामं पडणं वेगळं आणि नाव पुसणं वेगळं, हे वाक्य मी आजोबांना वाचून दाखवलं असतं. ते असते तर.

मला कोणाची पूजा बंद व्हायला नको आहे, हे स्पष्ट लिहितो. एकवीरेची पालखी निघावी, गिरिजात्मजाचं दर्शन व्हावं. मला एवढंच हवंय, की तिथे येणाऱ्या पोराला खोल्या कोणाच्या हे विचारावं लागू नये. ते समोर लिहिलेलं असावं, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि गाभाऱ्याच्या वाटेवरच. तिकीटघराशेजारच्या गंजलेल्या फलकावर नाही.

वकीलकाकू

पूजा बंद व्हायचा प्रश्नच नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. संरक्षित स्मारक हे पूजास्थान असेल तर त्याचा वापर त्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येत नाही. लेण्याद्री पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत तिकीटही तेच लावतात. रंग लावणं, फरशा बसवणं, खिळे ठोकणं याला मात्र परवानगी नसते. माझा आग्रह त्याबद्दल आहे. देव कोणताही असो, दोन हजार वर्षांच्या दगडाला ऑइलपेंट लावू नका. भिंतीवर गिलाव्याचा आणि रंगाचा मागमूस उरलाय तो एकदा गेला की गेला.

रानवाटा

वकीलकाकू +१. एका लेण्यात (नाव लिहीत नाही) स्तूपावर बदामात नावं कोरलेली पाहिली होती. ना बौद्धांनी केलं, ना हिंदूंनी, आपल्यासारख्या फिरायला येणाऱ्यांनी केलं. फार लाज वाटली होती.

सुतारपक्षी

वेरूळवरून अजून एक. ११ नंबरचं लेणं, "दोन ताल". नाव दोन ताल आणि मजले तीन! तळमजला गाळात बुजला होता, १८७६ साली सापडला, तोवर नाव रुळलं होतं. वरच्या मजल्यावर बुद्धाच्या लेण्यात महिषासुरमर्दिनी आणि गणपती आहेत. आणि १५ नंबरचं दशावतार लेणं उलट बाजूनं बघा, शिव-विष्णूंच्या मूर्तींनी भरलेलं, पण मुळात बौद्ध विहार म्हणून सुरू झालं असं मानतात. खांबांवर बारकाईनं पाहिलं की बुद्धाच्या छोट्या आकृती दिसतात. सावकाश बघणाऱ्यालाच दिसतात.

ब्राह्मीवाचक

@सुतारपक्षी, बरं आठवलंत. बौद्धांनीही आपलीच लेणी बदललीत. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दानी जोडप्यांची मूळ शिल्पं आहेत, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तेव्हा इथल्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती करत नव्हते. काही शतकांनी महायान पंथाच्या काळात त्याच भिंतीवर, त्या जोडप्यांच्या अधेमधे, जागा काढून बुद्धमूर्ती कोरल्या. एकवीरेला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी जरूर बघा.

दर्यावर्दी

@ब्राह्मीवाचक, इतकी वर्षं जातोय आणि हे कधी लक्षात आलं नाही. यंदा मुलांना दाखवणार.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल हा धागा आईला वाचून दाखवला. सगळा. त्रिरश्मी यांचे प्रतिसाद वाचताना मी जरा चाचरले, तर म्हणाली, "वाच वाच." आजोबांचं वाक्य आलं तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला. मग बराच वेळानं म्हणाली, "प्रदक्षिणा घालता आली नाही म्हणून मला चुटपुट लागली होती. देव कातळातच आहे, मागे जायला वाट नाही. आता कळलं का नाही ते. खोली होती ना ती. खोलीला कोण प्रदक्षिणा घालतं?"

पुढे म्हणाली, की पावसाळ्यात चार महिने त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला थंडी वाजत असेल गं. दगडाचा ओटा, त्यावर एक वस्त्र. उषवदातानं चीवरांसाठी पैसे ठेवले ते वाचल्यावर तिला बरं वाटलं.

माझ्यावरचा राग गेला का, ते विचारलं नाही. पण दिवाळीनंतर परत जाऊ म्हणाली, आणि या वेळी सहावं लेणं आधी बघायचं, पाय ताजे असताना. भाच्याला स्तूप दाखवायचाय. स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते ना?

कुकडीकाठ

येते की. खांबांच्या मागून वाट आहे, ती त्यासाठीच ठेवलेली. डावीकडून आत शिरा आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरा.

दिवाळीनंतर येत असाल तर सकाळी लवकर चढा. लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, थंडीत ऊन आतपर्यंत येतं. येण्याआधी इथेच कळवा, मी येतो सोबत. आईंना जमलं तर चौदावंही बघू, तेही चैत्यगृह आहे, कपिलाचा नातू आणि तापसाचा मुलगा आनंद यानं दिलेलं.

त्रिरश्मी

तारीख ठरली की मलाही कळवा. नाशिकहून येतो. आईंना माझा नमस्कार सांगा.

रानवाटा

मी पण. केळी पिशवीत खोल ठेवा सगळ्यांनी.